बोटाला भाव, मनाला कुलूप



आमच्या चाळीतली दोन माणसं एकाच मिलमध्ये, एकाच रिंग खात्यात होती. एक माझा चुलता, दुसरे शेजारचे नाना. रिंग खात्यातच का, ते तुम्हाला ठाऊक आहे. विणाई खात्यात धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आमचं तोंड लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांपुढं रोखठोक टाकला होता.

चुलत्याच्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट मशीनमध्ये गेलं. मुळापासून. नानांचं मन गेलं. आधी झोप गेली, मग ते एकटेच बोलायला लागले, मग डबा घेऊन निघायचे आणि मिलच्या गेटाबाहेर पाळी सुटेपर्यंत बसून राहायचे. चुलत्याचा दावा नुकसानभरपाईच्या कोर्टात गेला. तिथं एक तक्ता होता. बोट तक्त्यात सापडलं, पैसे ठरले. थोडे होते, पण आले. नानांना 'बिनपरवाना गैरहजर' म्हणून काढलं. नानांची बायको, आमची आक्का, डॉक्टरचा कागद पदरात बांधून एका वकिलाकडं गेली. वकील म्हणाला, "बाई, बोट दाखवता येतं. डोकं काय दाखवणार?"

हे वाक्य मी पोरवयात ऐकलं. पुढं कायद्याची पुस्तकं हाती आली तेव्हा कळलं, तो वकील दुष्ट नव्हता. त्यानं आक्काला कायदाच सांगितला होता.

तो तक्ता १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचा. त्यात माणसाचं शरीर खाटकाच्या दुकानासारखं तुकड्यांनी मांडलेलं आहे. अंगठा गेला, ३० टक्के. अंगठ्याजवळचं बोट मुळापासून गेलं, १४ टक्के. मधलं बोट, १२ टक्के. दोन्ही हात गेले, १००. कान पूर्ण गेले, १००. चेहरा फार विद्रूप झाला तरी १००. बोटाच्या एकेका पेराला भाव आहे, पण सबंध तक्त्यात मनाला एक ओळ नाही. तक्त्याबाहेरची इजा असेल तर कमाई किती बुडाली ते डॉक्टराकडून ठरवून आणा, अशी वाट कायद्यात होती. पण ती इजा कामामुळंच झाली हे आधी सिद्ध करा. रात्रपाळीनं मन मोडलं हे आक्कानं कुणाला दाखवायचं?

मग कायद्याला मन दिसतच नव्हतं का? दिसत होतं. भरपाई द्यायची तेव्हा दिसत नव्हतं, कोंडायचं तेव्हा चांगलं दिसत होतं. तक्त्याच्या ११ वर्षं आधी, १९१२ साली, इंग्रजानं वेड्यांचा कायदा केला होता. मोकाट फिरणारा इसम वेडा आहे असं ठाण्याच्या अंमलदाराला वाटलं, की त्यानं पकडून मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायचं. मॅजिस्ट्रेटनं तपासायचं, डॉक्टरचा दाखला घ्यायचा आणि वेड्यांच्या इस्पितळात धाडायचं. आता मोकाट फिरतो कोण? ज्याला दार लावून घ्यायला घर आहे तो नव्हे. फुटपाथवरचा, गावकुसाबाहेरचा, खेड्यातून पोटासाठी आलेला. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही ४५ वर्षं चालला. नवा कायदा १९८७ साली झाला आणि लागू व्हायला १९९३ उजाडलं. त्याच १९९३ साली, शीला बारसे यांच्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की काही गुन्हा नसताना वेड्या म्हणून माणसांना तुरुंगात ठेवणं बेकायदा आहे. म्हणजे तोवर ठेवत होते.

आता यातली खरी गोम पाहा. १८६० च्या दंड संहितेचं कलम ८४ म्हणतं, मन ठिकाणावर नसल्यामुळं आपण काय करतोय हे ज्याला कळत नव्हतं, तो गुन्हेगार नाही. २०२४ मध्ये दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, ८४ चं २२ झालं. शब्द तेच राहिले. पण हे सिद्ध कुणी करायचं? आरोपीनं. १८७२ च्या पुरावा कायद्यानं ते ओझं त्याच्याच डोक्यावर ठेवलं. गरिबानं म्हटलं, "साहेब, माझं मन जागेवर नव्हतं", की कोर्ट म्हणतं, पुरावा आण, सोंग करत नाहीस हे दाखव. आणि सरकारनं म्हटलं, हा वेडा आहे, तर?

तर काय होतं ते बिहारच्या रुदल शहाला विचारा. ३ जून १९६८ ला मुजफ्फरपूरच्या सेशन कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. तुरुंगातून तो बाहेर पडला १६ ऑक्टोबर १९८२ ला. चौदा वर्षं! सुप्रीम कोर्टानं जाब विचारला तेव्हा सरकारनं सांगितलं, त्याचं मन ठिकाणावर नव्हतं. कोर्टानं विचारलं, कुणी तपासलं? काय औषध दिलं? कागद नव्हता. उलट सरकारच्याच म्हणण्याप्रमाणं १९७७ च्या फेब्रुवारीत सिव्हिल सर्जननं तो नीट आहे असं कळवलं होतं. त्यानंतरही साडेपाच वर्षं तो आतच. १९८३ साली सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी निकाल दिला. आधीच्या ५ हजारांवर आणखी ३० हजार द्या, आणि बाकीसाठी त्यानं वेगळा दावा लावावा. मूलभूत हक्क तुडवल्याबद्दल सुप्रीम कोर्टानं सरकारला पैसे भरायला लावले ते पहिल्यांदा याच खटल्यात, म्हणून कायद्याच्या पुस्तकात तो मानानं छापतात. मी हिशेब केला. ३५ हजार भागिले चौदा वर्षांचे दिवस. दिवसाला सात रुपयेसुद्धा पडत नाहीत.

तो एकटा नव्हता. १९८२ साली हजारीबागच्या तुरुंगातल्या अशाच कैद्यांची गाऱ्हाणी वीणा सेठी यांच्या पत्रानं सुप्रीम कोर्टात पोचली. वेडे म्हणून आत गेलेली माणसं बरी होऊनही वर्षानुवर्षं आत होती. काहींची वीस-तीस वर्षं गेली होती. गुन्हा शाबीत झाला असता तरी शिक्षा इतकी लांबली नसती. हात तुटलेल्या माणसाला 'हात बरा होईपर्यंत तुरुंगात राहा' असं कुठल्या कोर्टानं सांगितलेलं कुणी ऐकलंय का?

१९९५ साली अपंगांचा कायदा आला. व्याख्येत मानसिक आजारही होता, मतिमंदत्वही होतं. पण नोकऱ्यांतली ३ टक्के आरक्षणाची वाटणी आली तेव्हा आंधळ्यांना एक, बहिऱ्यांना एक, हातापायानं अधू असलेल्यांना एक. मनाच्या अपंगांना शून्य. पंगतीला बोलवायचं आणि पत्रावळ मांडायची नाही. ही तऱ्हा आपल्या ओळखीची आहे. त्यांचा वाटा कायद्यात यायला २०१६ उजाडलं. आरक्षण ४ टक्के झालं, त्यातला एक टक्का त्यांच्यासह आणखी काही जणांत मिळून. शरीराच्या अपंगांना सगळं सुखानं मिळालं असंही नाही. ते ३ टक्के कसे मोजायचे, हे सरकारला सांगायला आंधळ्यांच्या संघटनेला २०१३ साली सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. सरकार आता त्यांना 'दिव्यांग' म्हणतं. आपल्यालाही एकदा 'हरिजन' म्हणालं होतं.

आणखी दोन खटले शेजारी ठेवा. एका शिपायाचा पाय नोकरीत जखमी झाला आणि कापावा लागला. नोकरी गेली. २००३ साली, कुणाल सिंग खटल्यात, सुप्रीम कोर्ट म्हणालं, नोकरीत अपंग झालेल्याला काढता येत नाही, दुसरं काम द्या. मन आजारी पडलेल्याला तेच संरक्षण त्याच १९९५ च्या कायद्यात होतं. पण सी.आर.पी.एफ.मधल्या रवींद्रकुमार धारिवाल या अधिकाऱ्याचं मन आजारी पडलं तेव्हा त्याच्यावर गैरवर्तनाची चौकशी लागली. पाय गेला तर अपंग, मन गेलं तर बेशिस्त. नानांसारखंच, 'बिनपरवाना गैरहजर'. ही चौकशी म्हणजेच भेदभाव आहे, हे सुप्रीम कोर्टानं १७ डिसेंबर २०२१ ला सांगितलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, रुदल शहाचा निकाल देणाऱ्यांचे चिरंजीव. बापाच्या निकालापासून लेकाच्या निकालापर्यंत ३८ वर्षं गेली.

मी हे का लिहितोय? अस्पृश्यतेचा डाग कधी कुणी सिद्ध केला नाही. तो गृहीत धरला आणि धुवायची जबाबदारी आपल्यावर टाकली. 'वेडा' हा डागही तसाच चालतो. आणि एकाच माणसावर दोन्ही डाग पडले की त्याच्यासाठी कोण बोलतो? आपणसुद्धा नाही. खरं बोलूया. ५६ साली आपण देव नदीत सोडले, पण घरात कुणाचं मन बिघडलं की रात्री गुपचूप देवऋषी गाठतो. सभेत कुणी तेच तेच बोलायला लागला तर 'येडाय तो' म्हणून हसतो.

म्हणून कार्यकर्त्यांनो, एक कागद खिशात ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ३. ते म्हणतं, सामाजिक दर्जा, धर्म, राजकीय मत बघून कुणाला मनोरुग्ण ठरवायचं नाही. आणि मनाचा आजार आहे म्हणजे मन ठिकाणावर नाही असंही धरायचं नाही, ते फक्त कोर्टच जाहीर करू शकतं. मतदार यादीतून नाव काढायलाही १९५० च्या कायद्यानं कोर्टाचा हुकूम लागतो. तेव्हा वस्तीतल्या कुणाला ठाण्यात नेलं, कामावरून काढलं, शेताच्या वाटणीतून उठवलं आणि 'वेडा आहे' असं कारण दिलं, तर दोनच प्रश्न विचारा. ठरवलं कुणी? कागद कुठाय?

आक्काजवळ कागद होता. तो वाचायला तिच्या बाजूनं कुणी उभं नव्हतं. माझा चुलता होता, पण तो नऊ बोटांनी स्वतःचे पैसे मोजत होता. मी तेव्हा लहान होतो, असं म्हणून मला सुटता येईल. तुम्हाला येणार नाही.