नोम रोटरी इंजिन

नोम रोटरी इंजिन : लुई व लोराँ सेगँ या फ्रेंच बंधूंनी तयार केलेले विमानाचे पेट्रोल इंजिन. त्याचे पहिले यशस्वी रूप ‘ओमेगा’. सात सिलिंडर, 50 अश्वशक्ती, वजन सुमारे 75 किग्रॅ. राइट बंधूंच्या 1903 मधील विमानासाठी चार्ल्स टेलर यांनी बांधलेले इंजिन जवळपास तेवढेच जड होते आणि त्याची शक्ती होती अवघी 12 अश्वशक्ती. ऑगस्ट 1909 मध्ये रँस येथील उड्डाण-स्पर्धेत आंरी फार्मां यांनी ओमेगाच्या बळावर सर्वांत लांब उड्डाणाचे बक्षीस जिंकले.

इतर इंजिनांत सिलिंडर स्थिर असतात व क्रँकशाफ्ट फिरतो. येथे क्रँकशाफ्ट विमानाच्या सांगाड्याला पक्का जखडलेला असून क्रँककेस, सिलिंडर आणि पंखा हे सारे एकत्र गरगर फिरतात. फिरण्यानेच सिलिंडरांना वारा लागतो; त्यामुळे पाण्याची टाकी, रेडिएटर नको आणि वेगळे जड गतिचक्रही नको. सिलिंडर एकाआड एक पेटतात. ठिणग्यांचे अंतर समान राहावे म्हणून त्यांची संख्या विषम ठेवतात. पोकळ क्रँकशाफ्टमधून आलेले हवा-पेट्रोलचे मिश्रण क्रँककेसमध्ये उतरते व दट्ट्याच्या माथ्यावरील झडपेतून वर जाते. ही झडप सर्वांत नाजूक भाग. 1913 च्या ‘मोनोसुपाप’ प्रकारात ती काढून टाकली, हे शहाणपणाचेच झाले. क्रँककेसमध्येच पेट्रोल असल्याने त्यात सहज न विरघळणारे एरंडेल वंगणासाठी वापरावे लागे. ते परत टाकीत येत नसे. धुराबरोबर बाहेर उडे आणि वैमानिकाच्या तोंडावर, नाकातोंडात जाई.

वेग कमी करण्याची धड सोय नव्हती. उतरताना वैमानिक बटण दाबून ठिणगी तोडत, सोडताच इंजिन पुन्हा धडधडे. मधल्या वेळात न जळलेले पेट्रोल साचून आगीचा धोका असे. फिरत्या वस्तुमानाचा भोवरी परिणामही मोठा होता. रोटरी इंजिनाचे सॉपविथ कॅमल हे लढाऊ विमान उजवीकडे वळताना नाक खाली घाली, डावीकडे वळताना वर उचली. नवशिक्यांचे बळी त्यात गेले, तर कसलेल्यांनी त्याच ओढीने झटकन वळणे साधली.

शक्ती वाढवायची तर इंजिन मोठे किंवा अधिक वेगाने फिरणारे हवे, पण मग सिलिंडरांना होणारा हवेचा विरोधच बरीच शक्ती खाऊन टाकी. पहिल्या महायुद्धानंतर हा घाट मागे पडला. ल रोन या प्रतिस्पर्धी कंपनीशी एक होऊन नोम-रोन बनलेल्या कंपनीनेच 1920 च्या दशकात ब्रिस्टल ज्युपिटर या स्थिर सिलिंडरांच्या ब्रिटिश इंजिनाचा परवाना घेतला.