गोदातीरीचा अखेरचा निर्णय

शिखांचे दहावे गुरु गोविंदसिंग यांची ख्याती मुख्यतः रणधुरंधर म्हणून आहे. १६९९ साली आनंदपुरास त्यांनी खालसा पंथ स्थापिला. पुढे मोगलांशी झालेल्या झगड्यात त्यांचे चारही पुत्र बळी पडले. परंतु त्यांच्या थोरवीचे खरे मर्म नांदेडच्या अखेरच्या दिवसांत सापडते.

१७०८ साली बादशहा बहादुरशहा आपला भाऊ कामबक्ष याजवर दक्षिणेत चालून आला. त्याच सुमारास गुरूही नांदेडास आले. तेथे गोदाकाठी मठ करून राहिलेल्या माधोदास बैराग्याची व त्यांची गाठ पडली. बैरागी शिष्य झाला, बंदा म्हणविला गेला आणि गुरूंच्या आज्ञेने पंजाबास निघाला. ज्या सरहिंदेत गुरूंच्या दोघा धाकट्या मुलांचा वध झाला होता, ती त्याने १७१० साली जिंकली.

तो विजय पाहण्यास गुरु मात्र हयात नव्हते. एका पठाणाने नांदेड येथे त्यांजवर वार केला आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजी ते निवर्तले. गादीस पुत्र उरला नव्हता. शस्त्रधारी पंथास एखादा सेनानी नेमून देणे स्वाभाविक ठरले असते. तथापि शीख परंपरेनुसार गुरूंनी देहधारी गुरूंची मालिकाच संपविली आणि ग्रंथास गुरुपद दिले.

या ग्रंथात संत नामदेवांची ६१ पदे आहेत. पंजाबात रुजलेली ही मराठी संताची वाणी अशा रीतीने गुरुपदी विराजमान होऊन गोदातीरी परतली!