व्याज सोडून बाकी सगळे

बाजारात दुकाने वाढली की भाव उतरतो, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. अमेरिकेतील क्रेडिट कार्डांचा इतिहास चाळताना मात्र या समजुतीला तडा गेला. 1980च्या दशकात तिथे सुमारे 4,000 बँका व संस्था कार्डे देत होत्या, तरीही व्याज वर्षाला 18 टक्क्यांच्या आसपासच खिळून राहिले. असे का व्हावे?

सुरुवात कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरापासून करावी लागते. सप्टेंबर 1958 मध्ये बँक ऑफ अमेरिकाने तिथल्या सुमारे 60,000 रहिवाशांना टपालाने कार्डे पाठवली. कोणीही ती मागितली नव्हती. गिऱ्हाइकाकडे कार्ड नाही म्हणून दुकानदार तयार नाही आणि दुकानदार तयार नाही म्हणून गिऱ्हाईक कार्ड घेत नाही, हा तिढा त्यातून सुटला. थकबाकी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाली, तोटाही मोठा झाला. पण काही वर्षांत धंदा नफ्यात आला. 1966 मध्ये या बँकेने इतर बँकांना आपले कार्ड चालवण्याचा परवाना देणे सुरू केले. त्याच वर्षी प्रतिस्पर्धी बँकांनी स्वतःचा संघ उभारला. आजचे व्हिसा आणि मास्टरकार्ड हे या दोघांचे वारस. न मागता कार्डे वाटण्याची चढाओढ इतकी वाढली, की 1970 मध्ये अमेरिकी काँग्रेसला त्यावर बंदी घालावी लागली.

पुढची चढाओढ आमिषांची. 1986 मध्ये सीअर्सचे डिस्कव्हर कार्ड देशभर आले: वार्षिक शुल्क नाही, वर खरेदीतील थोडी रक्कम परत. 1990 मध्ये एटी अँड टीने पहिल्या वर्षात कार्ड घेणाऱ्यांना आयुष्यभराची शुल्कमाफी देऊ केली. इकडे बँकांचे आपापसांतील कर्ज 1981 मध्ये 19 टक्क्यांपर्यंत गेले होते, ते 1986 मध्ये 7 टक्क्यांच्या आसपास उतरले. बँकांना पैसा स्वस्त झाला, कार्डधारकाला झाला नाही.

लॉरेन्स ऑसुबेल या अर्थशास्त्रज्ञाने 1991 मध्ये याची कारणमीमांसा केली. कार्ड घेताना बहुतेकांना वाटते, आपण तर पूर्ण बिल वेळेवर भरणार. म्हणून ते व्याजदर पाहतच नाहीत. पुढे महिनाअखेरीस जमत नाही आणि बाकी साचते. उलट, जो दर पारखून कार्ड निवडतो, तो बहुधा मोठी उधारी करणारा, बँकेला जोखमीचा. मग दर उतरवून त्याला बोलावणार कोण?

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिनेटने 14 टक्क्यांची मर्यादा 74 विरुद्ध 19 मतांनी संमत केली. दोन दिवसांनी शेअर बाजार गडगडला. त्या मर्यादेचा कायदा झालाच नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न न्यायासनापुढे गेला. वर्षाला 30 टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये ठरवले होते. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे हिशेब आता आपल्यालाच ठेवायचा आहे. इथे दर बहुधा महिन्याचा सांगतात: महिना साडेतीन टक्के, म्हणजे चक्रवाढ न धरताही वर्षाला 42. दिवाळीच्या खरेदीत कोणी कार्ड पुढे करून बक्षिसांची यादी वाचू लागला, तर त्याला आधी वर्षाचा व्याजदर विचारावा.