शेडमधला झेटर

निपाणी, चिक्कोडी, सदलगा, भोज हा आपला भाग. इथं जुन्या घराच्या परड्यात गेलं की पत्र्याचं एक शेड हमखास दिसतं. त्यात मोडका कुळव, बैलगाडीची धाव, तंबाखूची जुनी बारदानं, आणि अगदी मागं, धुळीनं माखलेला एखादा ट्रॅक्टर. टायर भेगाळून खाली बसलेले, सीटवर कोंबडीनं अंडी घातलेली. तो कुणी चालवत नाही आणि भंगारातही देत नाही. पण खंडेनवमी आली की त्याला हळदकुंकू लागतं, झेंडूची माळ पडते. अलीकडं काही घरांतली शिकलेली मुलं हे ट्रॅक्टर बाहेर काढून पुन्हा सुरू करू लागली आहेत. ते चांगलंच आहे. पण यंत्राबरोबर त्याची हकीकतही बाहेर काढायला हवी, म्हणून हा लेख.

ही हकीकत ट्रॅक्टरच्या बरीच आधी सुरू होते, आणि तीसुद्धा बेळगावात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावला सायकलचं दुकान काढलं हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक असतं. पुढं त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर. सुरुवातीचे नांगर कितीतरी दिवस विकलेच गेले नाहीत. लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची धास्ती होती. आज आपण हसतो, पण ज्याच्याकडं एकच रान आणि एकच हंगाम, त्यानं शंका घेतली तर त्यात वेडेपणा कसला? पुढं नगरपालिकेनं कारखान्याची जागा सोडायला लावली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली. १९१० मध्ये तिथं किर्लोस्करवाडी वसली. नांगर बेळगावात जन्मला आणि नावारूपाला आला सांगली भागात.

नांगराची गरज मात्र खरी होती. आपल्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा खोल मुळं धरून बसतात. ती उपटायची तर लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. एवढे बैल एका घरी कुठले? शेजारपाजारच्यांनी मिळून सावडीनं नांगरट व्हायची. ट्रॅक्टर आला तो या बैलांच्या जागी.

देशात ट्रॅक्टर बनायला लागले ते साधारण १९६० च्या आसपास. फरिदाबादला आयशर, मद्रासला मॅसी फर्ग्युसन, मग मुंबईला कांदिवलीत महिंद्रा. बडोद्याच्या हिंदुस्तान ट्रॅक्टर्सनं झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरशी करार केला, आणि १९७१ पासून एचएमटीनं हरियाणात पिंजोरला झेटरचाच पंचवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर काढायला घेतला. गावाकडं सगळे त्याला नुसतं ‘झेटर’च म्हणत. या नावाचीही एक गंमत आहे. ब्रनो शहरात ‘झ्ब्रोयोव्का’ नावाचा शस्त्रांचा कारखाना होता. ब्रेन गन मूळची तिथलीच. महायुद्ध संपलं आणि १९४६ मध्ये त्याच कारखान्यातून ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. कारखान्याच्या नावातलं पहिलं अक्षर ‘झेट’ आणि ‘ट्रॅक्टर’चं शेपूट, मिळून झेटर. आपण स्वाध्यायात असि, मसि, कृषि हा क्रम लहानपणापासून पाठ म्हणतो. इथं तर असि करणाऱ्या हातांनीच कृषीचं अवजार घडवलं.

एचएमटी म्हटलं की आपल्याला आठवतं मनगटी घड्याळ. माझ्या पिढीतल्या कितीजणींच्या नवऱ्यांना लग्नात तेच मिळालं होतं. १९५३ मध्ये बेंगळुरूला सुरू झालेली ही सरकारी कंपनी घड्याळंही करायची आणि ट्रॅक्टरही. २०१६ मध्ये सरकारनं दोन्ही बंद करायचा निर्णय घेतला. त्यामुळं आता झेटरचा पार्ट हवा असेल तर जुन्या बाजारात शोधा, नाहीतर कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर करून घ्या. तिथले कारागीर जुना तुकडा हातात घेऊन मापं काढतात, हे आपलं नशीब.

आमच्या घरचा झेटर मामंजींनी घेतलेला. वीस वर्षं शेडमध्ये उभा होता. पुतण्यानं तो सुरू करायचं मनावर घेतलं, आणि निपाणीचे एक वयस्कर मिस्त्री आले. त्यांनी पहिलं काय सांगितलं असेल, तर सेल्फला हात लावायचा नाही. बंद इंजिनात रिंगा लायनरला गंजून चिकटलेल्या असतात. जोर केला की रिंग मोडते, लायनर ओरखडतो, आणि जे शंभर रुपयांत झालं असतं ते हजारांवर जातं.

सासूबाईंची अट त्याच्याही आधीची होती. आधी जीव बघून घ्या. वीस वर्षं बंद पडलेलं यंत्र म्हणजे कितीकांचं घर झालेलं असतं. धुराच्या नळकांड्यात गांधीलमाशीचं रिकामं पोळं निघालं, एअर क्लीनरच्या मागं उंदरीण व्यालेली. पिल्लं डोळे उघडून चालती होईपर्यंत पंधरा दिवस काम थांबलं. मिस्त्री मुसलमान होते. ते म्हणाले, “बराबर आहे, घाई करून कुणाचं भलं झालंय?”

मग काम सुरू झालं. जुनं ऑइल सोडलं, तर आधी तळाचं पाणी आलं. टाकीतल्या डिझेलचा चिकट, आंबूस वासाचा गाळ झाला होता. टाकी धुतली, फिल्टर बदलले. नोझल काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून ओतलं आणि आठ दिवस तसंच मुरू दिलं. रोज सकाळी पाना लावून पुली थोडी पुढं, थोडी मागं. सहाव्या दिवशी ती बोटभर हलली. लोणच्याची बरणी रोज हलवावी तसा हा प्रकार, आम्हा बायकांना लगेच समजला. क्लच प्लेट गंजून चिकटली होती, ती सोडवली. उंदरांनी खाल्लेली वायर नवी ओढली. डिझेल पंप कोल्हापूरला जाऊन आला. नोझल बाहेर ठेवूनच इंजिन फिरवून घेतलं, म्हणजे सगळीकडं ऑइल पोचतं. मग नोझल बसवले, पाइपातली हवा काढली आणि मगच सेल्फ मारला. त्या वेळी मिस्त्रींच्या हातात एक लाकडी फळी होती. जुना पंप कधी अडकतो आणि इंजिन आवरेनासं धावत सुटतं. तसं झालं तर हवा ओढायच्या तोंडावर फळी दाबून त्याचा श्वास कोंडायचा. फळीची वेळ आली नाही. पांढरा धूर, मग काळा, आणि मग दोन सिलिंडरची ती धडधड. रस्त्यावरची माणसं आत येऊन बघू लागली.

पण ट्रॅक्टर काय चालतो याची हकीकत झाली, ट्रॅक्टर कुणाच्या जिवावर आला ही राहिली. त्या वेळी भूविकास बँकेचं कर्ज मिळायचं, पण आधी आपला हिस्सा भरावा लागे. सासूबाईंच्या पाटल्या त्यात गेल्या. कर्जाच्या कागदावर मामंजींची सही आहे, साक्षीदारांच्या सह्या आहेत, पाटल्यांचा उल्लेख नाही. अशा पाटल्या, अशा बोरमाळा आपल्यातल्या कितीजणींच्या सासवांनी दिल्या असतील!

ट्रॅक्टर आला आणि बैलांच्या जोड्या विकल्या गेल्या. मुक्या जनावराच्या मानेवरचं जू उतरलं याचं समाधान घरातल्या सगळ्यांनाच होतं. पण बैल गेले तसं शेण कमी झालं. शेणी कमी झाल्या, चुलीला जळण कमी पडलं, आणि ते आणायला बायकांनाच लांब जावं लागलं. रानाला खत विकत आणावं लागलं. नांगरटीचं काम एका दिवसात उरकू लागलं, पण तंबाखूचा शेंडा खुडणं, फुटवे काढणं ट्रॅक्टरला जमत नव्हतं. ते बायकांच्याच बोटांनी व्हायचं. तो काळा, कडू चीक साबणानं जात नाही, त्या हातानं भाकरी थापायची म्हणजे आधी हात चिंचेनं घासायचे. वखारीत भुकटी चाळायलाही बायकाच.

आणि हप्ता फिटायचा तो तंबाखूच्या भावावर. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली याच भावासाठी शेतकरी निपाणीजवळ पुणे-बेंगळुरू रस्ता अडवून बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि त्यात शेतकरी गेले. आपल्या भागातले कितीतरी ट्रॅक्टर पंप बिघडला म्हणून शेडमध्ये गेले नाहीत. भाव पडला, डिझेल परवडेना, भावाभावांत वाटणी झाली आणि ट्रॅक्टर कुणाचा हे ठरेना, म्हणून ते उभे राहिले. मिस्त्रीला गंज दिसतो. त्यामागचं हे कारण घरातल्यांनाच माहीत असतं.

म्हणून मैत्रिणींनो, तुमच्या शेडमधला ट्रॅक्टर कुणी सुरू करायला काढला किंवा भंगारवाल्याशी बोलणं चाललं, तर एक वही घेऊन घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. तो कोणत्या साली आला, पैसे कुठून उभे केले, कुणाचा दागिना गेला, तो सुटला का, बैलांची नावं काय होती, हे विचारा आणि लिहून ठेवा. पार्ट उद्यमनगरात करून मिळतो. ही माहिती त्या म्हातारीबरोबर गेली, तर ती कुठल्याच लेथवर होत नाही.

आमच्या वहीत पहिल्या ओळीत लिहिलंय : चार पाटल्या, सोडवल्या नाहीत. बैल दोन, सर्जा आणि पाखऱ्या.