साच्यातल्या मावळ्याला नवा पवित्रा

दिवाळीची सुटी लागली की ठाणे, डोंबिवली आणि कल्याणमधील सोसायट्यांच्या आवारात दगड, विटा, माती आणि गोणपाटाचे किल्ले उभे राहू लागतात. उतारावर अळीव किंवा मोहरी पेरली जाते, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित छत्रपती शिवाजी महाराज विराजमान होतात आणि तटावर मावळे पहारा देतात. किल्ला प्रतापगड असो वा सिंधुदुर्ग, मावळे मात्र बहुधा सारखेच दिसतात. देह ताठ आणि हात अंगाला चिकटलेले. बाजारातून आणलेल्या या मूर्तींना प्रसंगानुरूप पवित्रा देणे घरच्या घरी शक्य आहे. त्यासाठी थोडी साधने आणि बराचसा संयम लागतो.

सारखेपणाचे कारण

या मूर्ती साच्यातून काढल्या जातात. मूर्ती न मोडता साचा सुटावा यासाठी हात आणि शस्त्र शरीरालगत ठेवावे लागतात. बाहेर पसरलेला हात साच्यात अडकतो आणि सुटला तरी वाहतुकीत टिकत नाही. त्यामुळे वार करणारा, वाकलेला किंवा कोसळणारा मावळा साच्यातून मिळणे अवघड असते.

पाश्चात्त्य देशांत हा स्वतंत्र छंदच आहे. लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातील सैनिकांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. ब्रिटनमधील गेम्स वर्कशॉप या १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचा 'वॉरहॅमर' हा खेळ १९८३ मध्ये आला. त्यातील सुमारे २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक कापून, वळवून नव्याने घडवण्याला तेथे 'कन्व्हर्जन' म्हणतात. निळी आणि पिवळी लांबी मळून तयार होणारा हिरवा लगदा हे या कारागिरीचे आवडते साधन. आपल्याकडे तेच काम नळाची गळती थांबवणारे एम-सील किंवा हस्तकलेसाठी मिळणारे शिल्पकार करू शकते.

कृती

प्लास्टरची किंवा भाजलेल्या मातीची मूर्ती निवडावी. कच्च्या मातीची मूर्ती ओल्या बोटांनी विरघळू लागते. बदलायचा हात खांद्यापाशी हॅक्सॉ ब्लेडने सावकाश कापावा. घाई केल्यास प्लास्टरचा टवका उडतो. खांद्यात बारीक छिद्र पाडून त्यात तार चिकटवावी आणि ती कोपराशी वाकवून हाताची दिशा ठरवावी. याच वेळी मूर्ती लांबून पाहून घ्यावी, कारण लांबी सुकल्यावर चूक दुरुस्त करणे कठीण.

लांबीचे दोन्ही भाग समप्रमाणात घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळावेत. पहिला थर पातळ असावा. तो कडक झाल्यावर दुसऱ्या थरात स्नायू, बाही आणि मूठ घडवावी. एकाच वेळी सारा लगदा चढवला की हात सुजल्यासारखा दिसतो. दंतकोरणे आणि सुई किंचित ओली करून अंगरख्याच्या चुण्या काढता येतात. शेवटी पॉलिश पेपरने सांधा घासावा, पाण्यात कालवलेल्या फेव्हिकॉलचा हात द्यावा आणि तो वाळल्यावर रंग लावावा.

तोल आणि इतिहास

नवा हात बसवला म्हणजे पवित्रा साधला असे होत नाही. शरीराचा भार एका पायावर असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेली सरळ रेषा त्या पावलाजवळ पडली पाहिजे. उजवा हात उगारला की उजवा खांदाही वर जातो. हे न पाळल्यास मूर्ती लढताना नव्हे, पडताना दिसते.

शस्त्राचेही तसेच. १६६० मधील घोडखिंडीच्या, म्हणजेच पावनखिंडीच्या लढाईतील बाजीप्रभू देशपांडे यांच्या हाती परंपरेने दांडपट्टा दाखवला जातो. दांडपट्ट्याची मूठ कोपराखालचा हात झाकते. त्यामुळे मनगट वळत नाही आणि पाते हाताच्या सरळ रेषेतच राहते. साध्या तलवारीसारखा तो मनगटातून वाकवला तर शस्त्रच चुकते. १६७० मध्ये सिंहगडावर तानाजी मालुसरे यांची ढाल तुटली आणि त्यांनी हातालाच शेला गुंडाळून वार झेलले, असे सांगितले जाते. तयार मूर्तीची ढाल कापून त्या जागी लांबीचा शेला गुंडाळला, तर एका छोट्या बदलात सारा प्रसंग उभा राहतो.

कल्याणच्या मुलांना तर विषय शोधायला लांब जाण्याची गरज नाही. १६५७ मध्ये कल्याण स्वराज्यात आले आणि मराठा आरमाराचा आरंभ दुर्गाडीच्या खाडीकिनारी झाल्याचे मानले जाते. तलवार काढून हातात वाकस दिली आणि कंबरेत बाक आणला की मावळ्याचा जहाज बांधणारा सुतार होतो.

काळजी

ब्लेडचे काम मोठ्यांनीच करावे. कच्ची लांबी त्वचेला झोंबू शकते. हातमोजे घालावेत आणि घासताना नाकावर रुमाल बांधावा. मोठ्या मूर्ती पुढे आणि लहान माथ्याकडे ठेवल्यास किल्ला उंच भासतो.

या खटाटोपाचा आणखी एक लाभ आहे. प्लास्टर पाण्यात सहजी विरघळत नाही, तरीही हात तुटलेला मावळा दिवाळीनंतर कचऱ्यात जातो. तोच जपून ठेवला तर पुढील वर्षीच्या कामाचा निम्मा भाग आधीच झालेला असतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यांच्या प्रतिकृती आता आवाराआवारात दिसतील. त्या तटावर कोण, कशासाठी आणि कोणत्या शस्त्रानिशी उभा होता, हे मावळ्याचा हात कापण्यापूर्वी मुलांना शोधावे लागते. किल्ला चार दिवसांनी मोडला जातो, पण असे शोधून मिळवलेले उत्तर सहसा विसरले जात नाही.