पटकीपासून भगरीपर्यंत : दिंडीच्या चुलीचा आणि पाण्याचा इतिहास



स्मरणिका काढायची ठरली तेव्हा मंडळी आम्हाला म्हणाली, महाराज, तुम्ही दिंडीचा इतिहास लिहा. इतिहास म्हटला की पहिला विणेकरी कोण, पखवाज कोणाचा, तंबू कोण्या साली घेतला, हे सगळं आलं. ते बाकीच्या मंडळींनी चांगलं लिहिलं आहे. आम्ही चवथी शिकलेलो, वावरात राबणारा माणूस. आम्ही दिंडीच्या चुलीबद्दल आणि पाण्याबद्दल लिहितो. काहून की शंभर वर्षांत आपली जी माणसं वाटेवर गेली ती वाघानं नेली नाहीत का दरोडेखोरांनी मारली नाहीत. जुनी मंडळी सांगत, बहुतेक जण पोटानं गेले. एका रात्रीत गेले.

यातलं वैद्यकीचं जे आहे ते आमच्या डोक्यातलं नव्हे. नागपूरचे एक डॉक्टर बरीच वर्षं आमच्या कीर्तनाला येऊन बसत. कीर्तन झालं की आम्ही त्यांना विचारत बसू. त्यांनी सांगितलं, पुस्तकं दिली, नातवानं वाचून दाखवली. ताडून पाहूनच इथं लिहिलं आहे.

आमचा आजा पहिल्या दिंड्यांत होता. तो सांगे, त्या काळी आषाढीला निघायच्या आधी माणूस घरच्यांचा निरोप घेई तो परत न येण्याच्या हिशेबानं. देणंघेणं फेडून टाकी. रेल्वेनं जाणारे कुर्डुवाडीला उतरत आणि बार्शी लाइटच्या छोट्या गाडीत कोंबून पंढरपूरला जात. पायी जाणारे नदीनाल्याचं पाणी पीत जात. आषाढ म्हणजे पहिल्या पावसाचे दिवस. गावाची सगळी घाण वाहून विहिरीत आणि नदीत उतरते. त्याच चंद्रभागेत लाखो लोकांचं स्नान, त्याच वाळवंटात बसणं-उठणं, आणि तेच पाणी तीर्थ म्हणून गडव्यात. पटकी लागायला याहून काय पाह्यजे? जुनी माणसं तिला महामारी म्हणत, आपल्याकडं हैजा म्हणत. सकाळी भजनात उभा असलेला माणूस दुपारी भाताच्या पेजेसारखं पांढरं हगे, संध्याकाळी त्याचे डोळे खोल जात, आणि रात्री मंडळी लाकडं शोधत फिरत. गावोगाव मरीमायची ठाणी आहेत ती उगीच नाहीत.

ही पटकी आपल्या नागपुरात फार जुनी. 1817 मध्ये बंगालात जेसोरकडं मोठी साथ उठली. त्याच साली नोव्हेंबरात इकडं सीताबर्डीची लढाई झाली, आणि पुढच्याच वर्षी फौजांच्या आणि बाजारबुणग्यांच्या संगतीनं साथ नागपुरावरून दक्षिणेत गेली, मुंबईपर्यंत पोचली. म्हणजे तिला आणणारे वारकरी नव्हते, लढाया होत्या. पण नाव झालं यात्रेकरूंचं. 1866 साली तुर्कांच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला, देशोदेशीचे सरकारी वैद्य जमले आणि त्यांनी ठरवलं की हिंदुस्थानातल्या यात्रा हे पटकी पसरायचं सगळ्यात जबर कारण आहे. त्यात खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. 1897 चा साथरोगाचा कायदा आला तेव्हापासून सरकारला जत्रा अडवायचा, रेल्वेचे प्रवासी तपासायचा अधिकार मिळाला. पंढरपुरात यात्रा कर घेतला जाई. कर घेणं सोपं, बंदी घालणं त्याहून सोपं. लाखाच्या यात्रेला स्वच्छ पाणी पाजणं कठीण होतं, आणि खरं औषध तेच होतं. (हाच 1897 चा कायदा 2020 मध्ये पुन्हा निघाला. त्या वर्षी पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या आणि आपण घरीच पारायण केलं, ते सर्वांना आठवतच असेल.)

पाण्यात काय असतं हे शोधायला फार दिवस लागले. लंडनात 1854 मध्ये स्नो नावाच्या डॉक्टरनं घरोघर फिरून मयतांची मांडणी केली आणि दाखवलं की एका हापशाचं पाणी पिणारे जास्त मेले. त्याच साली इटलीत पचिनीनं दुर्बिणीखाली ते जंतू पाह्यले, पण कोणी ऐकलं नाही. मंग 1884 मध्ये जर्मनीचा रॉबर्ट कॉख कलकत्त्यात आला. ज्या तळ्याकाठी पटकी लागली होती त्याच तळ्याच्या पाण्यात त्याला स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू सापडला. पटकीच्या रोग्याचे कपडे त्याच तळ्यात धुतले होते आणि लोक तेच पाणी पीत होते. आम्ही हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या डोळ्यापुढं चंद्रभागाच आली.

पण तिकडच्या सगळ्या विद्वानांनाही पटलं नाही. म्युनिकचा पेटेनकोफर म्हणून म्हातारा पंडित होता. त्याचं म्हणणं, नुसत्या जंतूनं काही होत नाही. 1892 मध्ये तो पटकीच्या जंतूंचं पाणी सगळ्यांदेखत प्याला! थोडी हगवण लागली आणि वाचला. त्याच साली पॅरिसात हाफकिन नावाच्या माणसानं पटकीची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढं तो हिंदुस्थानात आला आणि 1893 पासून हजारो लोकांना टोचलं. मुंबईत परळला त्याच्या नावाची संस्था आहे. दोघांनीही आपलाच जीव पणाला लावला. एकाचं मत चुकलं, दुसऱ्याचं साधलं. आम्हाला कीर्तनात हे दोन्ही दृष्टान्त कामी येतात.

टोचणीचे दिवस आपल्या दिंडीतल्या म्हाताऱ्यांना चांगले ठाऊक होते. पंढरपूरला जायचं तर दंडाला सुई आणि हातात दाखला. दंड सुजे, ताप येई, वीणा धरणं जड जाई. बायामाणसं लपत. एका दाखल्यावर दोघं निघून गेल्याच्या गोष्टी रंगवून सांगत. आम्ही लहान असताना बापाच्या मागं उभं राहून ती सुई पाह्यली आहे. डॉक्टर आम्हाला पुढं म्हणाले, महाराज, ती लस निम्म्या लोकांनाच कामी येई, आणि तीही तीन ते सहा महिने. म्हणून 1973 मध्ये जागतिक आरोग्यवाल्यांनी प्रवाशांना पटकीच्या दाखल्याची सक्ती सोडून दिली. सुई गेली. पाणी मात्र सुधारावं लागलं.

आणि इथं आपल्या नागपूरचं नाव घ्यावं लागतं. 1958 मध्ये नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. 1974 पासून तिला नीरी म्हणतात. मोठ्या शहराच्या नळाचं काम तर त्यांनी केलंच, पण आपल्यासारख्या खेड्यांसाठी त्यांनी एक मडक्याची युक्ती काढली. तिच्यावर आमचं फार मन आहे. कुंभाराकडची दोन मडकी. बाहेरचं साधारण 30 सेंटिमीटर उंच, आतलं त्याच्यात बसेल असं. दोघांना एकेक भोक. आतल्याला वर काठाजवळ, बाहेरच्याला बुडापासून चार सेंटिमीटर वर. आतल्यात एक किलो ब्लिचिंग पावडर आणि दोन किलो जाड रेती ओलसर करून भरायची. बाहेरच्याचं तोंड प्लास्टिकनं बांधायचं आणि दोरानं विहिरीत पाण्याखाली हातभर, दोन हात सोडायचं. पावडर दोन भोकांतून हळूहळू पाझरते. एकदम वास मारत नाही, एकदम संपतही नाही. साडेचार हजार लिटर पाण्याच्या घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे चालते. मजुरी कुंभाराची, विद्या नागपूरची.

देवळाच्या विहिरीत हे मडकं सोडायचं ठरलं तेव्हा गावात भांडण झालं. अभिषेकाच्या पाण्याला औषधाचा वास येतो, विहीर बाटली, असं जुन्यांचं म्हणणं. तेव्हाचे दिंडीचालक ताठ माणूस. ते म्हणाले, "सोवळं येगळं आणि स्वच्छ येगळं. सोवळ्यानं गुंडी भरून आणता, पण गुंडी ज्या विहिरीतून भरली तिच्यात काय पडलं ते कोण पाह्यते?" आमच्या मते शंभर वर्षांत आपल्या दिंडीत झालेलं सगळ्यात मोठं निरूपण ते. त्या वर्षीपासून धापेवाड्याला पौर्णिमेला जाताना आणि पंढरीच्या वाटेवरही आपल्या पाण्याच्या टाकीत औषध टाकल्याशिवाय एक गिलास कोणाला मिळत नाही. आपल्या विदर्भाच्या पंढरपुरातही नदीचं नाव चंद्रभागाच आहे. तिथं स्नान करतो, पाणी टाकीचं पितो.

पटकी झाली तरी माणूस मरायला नको, हे बंगाल्यांनी दाखवलं. 1959 मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी सिद्ध केलं की जंतू आतड्यात विष सोडतो आणि त्या विषानं अंगातलं पाणी ओढलं जातं. माणूस मरतो तो पाणी गेल्यानं. 1971 मध्ये बांगलादेशच्या लढाईत बनगावच्या छावणीत निर्वासित पटकीनं मरत होते, सलाईन संपलं होतं. तेव्हा दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मरणारे शंभरात तीस होते, ते चारच्या आत आले. एक लिटर उकळलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हे आपल्या दिंडीच्या गाडीवर रंगानं लिहिलेलं आहे ते यामुळं.

आता चुलीकडं येतो. पाणी सुधारलं, तरी पंगतीत लोक आजारी पडत राह्यले.

एका वर्षी मराठवाड्यातल्या मुक्कामी रात्री एका अन्नदात्यानं भात उदंड घातला. दोन मोठे गंज उरले. अन्न परब्रह्म, फेकायचं कसं, म्हणून झाकून ठेवले आणि पहाटे फोडणी देऊन वाढले. दोन कोस चालतो न चालतो तोच वांत्या सुरू झाल्या. तीस-चाळीस माणसं बांधावर आडवी. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे अन्नदात्याच्या मनात खोट. त्या बिचाऱ्याचा काय दोष? भाताचा तो जंतू वेगळाच असतो. त्याचं बी तांदळावरच असतं आणि उकळीतही मरत नाही. मोठ्या गंजाच्या पोटात भात रात्रभर कोमट राहतो, त्या उबेत ते बी उगवतं, वाढतं आणि विष सोडतं. विष एकदा झालं की फोडणी द्या, पुन्हा वाफ आणा, ते जात नाही. नॉर्वे देशात हौगे नावाच्या माणसानं 1950 च्या सुमारास हे शोधलं. तिथं भात नव्हे, गोड चटणीसारखा पदार्थ होता. त्यानंही तो जंतू घालून स्वतः पिऊन पाह्यला आणि आजारी पडला. फिलिपाइन्समध्ये बार्बरनं 1914 मध्ये असंच केलं. कास सुजलेल्या गाईचं दूध ताजं घेतलं तर काही होईना, आणि बाहेर ठेवून घेतलं की वांत्या. हे आपल्या दूधवाल्यांनी ध्यानात ठेवावं. दगडी झालेल्या गाईचं दूध पेढ्याला चालत नाही, किती आटवलं तरी.

हिशेब सोपा आहे. असा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे तासात आठ. सात तासांत वीस लाखांवर. रात्री नवाला झाकलेला भात पहाटे चारला काय होतो ते तुम्हीच पाहा.

तिसरी गोष्ट एकादशीची. ती आजची आहे आणि आमचा जीव तिच्यासाठी तुटतो. फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला हरिनाम सप्ताह होता. एकादशीला भगर आणि आमटीचा प्रसाद झाला आणि शेकडो माणसांना विषबाधा झाली. बीबीच्या दवाखान्यात खाटा पुरेनात. बाहेर झाडांना दोर बांधून सलाईनच्या बाटल्या टांगल्या आणि माणसं रस्त्यावर निजवली. आपल्याच विदर्भातला, आपल्यासारखाच सप्ताह. तिथं वाढणारे हात आपल्यासारखेच भाविक होते.

भगरीवर दमट दिवसात बुरशी धरते. अन्न व औषध प्रशासन दर सणाला तेच सांगते की ॲस्परजिलस जातीची बुरशी धरली तर फ्युमिगाक्लेवीनसारखी विषं तयार होतात. चक्कर, वांती, हातपाय थरथरणं, ही त्याची लक्षणं. दाण्याच्या आमटीतही धोका असतो. इंग्लंडात 1960 मध्ये बुरशीच्या शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाख टर्की पक्षी मेले, तेव्हा त्या विषाला नाव मिळालं. 1974 मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवर भिजलेला मका खाऊन 106 आदिवासी माणसं गेली. शेतकऱ्याला बुरशी नवी नाही. कणसावरची आम्ही ओळखतो, पण दळून पीठ झालं की ती कोणालाच ओळखू येत नाही.

म्हणून यंदाच्या शताब्दीच्या सप्ताहाला एकादशीचं सामान आणायचं काम आम्ही मागून घेतलं आहे. भगर सुटी आणायची नाही, दळलेली तर नाहीच. तारीख असलेली बंद पाकिटं, तीही दोन दिवस आधी आणून उन्हात उघडी करून निवडायची. दाणे हातानं पाखडायचे, काळा-हिरवा दाणा दिसला की सगळी पाटी बाजूला. आमटी पंगतीच्या तासभर आधी, आधी करून झाकून ठेवायची नाही. द्वादशीच्या भंडाऱ्याचा भात एका गंजात नको, लहान लहान गंजांत, पंगत पाहून चढवायचा. उरलेला अन्नदात्यानं कितीही म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी पानात यायचा नाही, गुरांना जाईल तर त्याच रात्री. आजारी माणूस, हाताला फोड-जखम असलेला माणूस वाढायला नको, मग तो कितीही जुना वारकरी असो. त्याला टाळ द्यावा.

पाण्याची दोन नवी मडकी गावच्या कुंभाराकडं सांगितली आहेत. पावडर नागपुरातून आणायला पोरगा पाठवला आहे.