शनिवार तेली

चंदीगड हे शहर एका गमावलेल्या राजधानीपोटी जन्मास आले. १९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबला नवी राजधानी वसवावी लागली. परंतु ज्या समाजाजवळ नवे नगर वसवण्यास भूमीच उरत नाही, त्याने आपले स्वत्व कोठे ठेवावे? यहुदी इतिहास हा या प्रश्नाचा प्रदीर्घ शोध आहे आणि त्याचा एक अध्याय आपल्या कोकणात, मराठी घरांत घडला आहे.

भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर टायर व सिडोन ही फिनिशियन व्यापाऱ्यांची नगरे होती. आतल्या डोंगराळ मुलखात इस्राएली लोक राहत. दोघांच्या भाषा सख्ख्या बहिणींसारख्या. फिनिशियनांच्या बावीस अक्षरांच्या लिपीतूनच प्राचीन हिब्रू लेखन उदयास आले. जेरुसलेमच्या मंदिरासाठी टायरचा राजा हिराम याने देवदाराचे लाकूड व कारागीर पुरवले, असे बायबल सांगते. पुढे फिनिशियनांचे स्वतःचे वाङ्मय बहुतांशी नष्ट झाले. इस्राएलींचे मात्र टिकले. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने मंदिर उद्ध्वस्त करून अनेकांना बंदिवासात नेले. मंदिर नाही, राजा नाही, अशा त्या काळात ग्रंथ, प्रार्थना आणि सातव्या दिवसाची विश्रांती यांना अपूर्व महत्त्व आले. या धर्माला यहुदी धर्म म्हणून जे रूप लाभले, त्याच्या घडणीत या वनवासाचा वाटा मोठा आहे.

अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून सात जोडपी वाचली, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरा आहे. त्यांच्याजवळ ग्रंथ राहिले नाहीत, हिब्रू भाषाही विस्मरणात गेली. उरली ती 'शेमा' ही प्रार्थना, सुंता, आहाराचे काही नियम आणि शनिवार. तेलाचा घाणा त्या दिवशी बंद असे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. गावांच्या नावांवरून ते किहीमकर, पेणकर, दिवेकर झाले; मराठी ही त्यांची मातृभाषा झाली.

हरवलेले ज्ञान परत आले तेही याच मातृभाषेच्या आधाराने. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांनी हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत समाजाची शाळा निघाली. पुढे या समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथे त्यांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालवले. कोकणात ज्यांनी शनिवार जपला, त्यांनीच इस्राएलमध्ये मराठी जपली.

महाराष्ट्रापासून इतक्या दूर मराठी माध्यमाची शाळा हीरक महोत्सव साजरा करीत असताना हा इतिहास आपल्या पालकांनी अवश्य वाचावा. घाणा दर शनिवारी थांबत होता, म्हणून ओळख टिकली. शाळेत शिकवलेली मराठीदेखील घरी रोज बोलली जाईल, तरच पुढील पिढीपर्यंत पोहोचेल.